नववी खुंटी

मंगळवार, चार तारीख
औषधांच्या दुकानातलं मागचं स्टूल, सकाळी अकरा

चि. विसराळू भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पाकिटाला तिकीट लावायला विसरलीस, म्हणून पोस्टमनने दंड माझ्याकडून घेतला. आत तारीख घालायला विसरलीस. शेवटी "ता.क." लिहिलंस आणि पुढे काहीच नाही. काय आठवलं होतं, ते लिहायच्या आधीच विसरलीस वाटतं. डोकं मानेला घट्ट बसवलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही कुठल्यातरी बसच्या सीटवर राहिलं असतं.

मी खुशाल आहे. गुडघा त्याच्या मनाने चालतो, मी माझ्या. तुझा बापही खुशाल असावा. तोंडाने तो काही सांगत नाही, पण खालून त्याच्या किल्ल्यांच्या दुकानातून कानशीचा आवाज येत असतो, त्यावरून मी समजते. तू पाठवलेला अक्रोडाचा गर संपला. चांगला होता. माझ्या दातांचा विचार करून सोललेला पाठवलास, तेवढं मात्र विसरली नाहीस.

हे पत्र खालचा औषधवाला लिहून देतोय. गिऱ्हाईक आलं की उठतो. मध्येच एखादं वाक्य तुटलेलं दिसलं तर ते कुणाच्या तरी खोकल्याने तुटलं असं समज.

आता मुद्द्याचं. तुझा फोन भिंगं घासायच्या पाण्यात पडून मेला. त्यात तुझं ते वॉलेट, वॉलेटात चार वर्षांची बचत. महिनाअखेरीला चष्म्याच्या दुकानासाठी जागेचे पैसे भरायचेत, नाहीतर मालक जागा दुसऱ्याला देणार. वॉलेट नव्या फोनवर उघडायला बारा शब्द लागतात आणि ते तुझ्याकडे नाहीत. म्हणून तू लिहितेस, "आजी, तुला पाठ आहेत ना, कुणाकडून तरी लिहून घे आणि पाठव."

नाही पाठवणार.

औषधवाला थांबून माझ्याकडे बघतोय. म्हटलं, लिही, "नाही पाठवणार", आणि खाली रेघ ओढ.

तूच शिकवलंस मला हे. आठवत नसेल, म्हणून तुझाच धडा तुला परत वाढते. तू घर सोडलंस तो हिवाळा. संध्याकाळी तू माझ्या टेबलाशी बसायचीस. एकदा म्हणालीस, "आजी, याला वॉलेट म्हणतात, पण यात पैसे नसतात."

मी म्हटलं, "माझ्याही पाकिटाचं तसंच आहे. त्यात नवीन काय?"

"तसं नाही गं. पैसे असतात एका वहीत. ती वही जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर असते, कुणालाही बघता येते. कुठल्या नंबरवर किती, एवढंच तिच्यात लिहिलेलं. वॉलेटमध्ये असते ती फक्त त्या नंबरची किल्ली."

मग मला कळायला कितीसा वेळ? एकोणतीस वर्षं नाटकगृहाच्या क्लोकरूममध्ये उभी होते मी. अक्षर एक येत नाही, आकडे ओळखते, तेवढ्यावर तीनशे खुंट्या सांभाळल्या. लोकांचे कोट, छत्र्या, पिशव्या खुंटीवर, आणि पितळी बिल्ला त्यांच्या खिशात. खुंटीचा नंबर जगाला ओरडून सांगा, काही बिघडत नाही. फार तर कुणी येऊन तिथे आणखी एक मफलर अडकवून जाईल. पण काढून न्यायचं तर बिल्ला दाखवा. हे मी म्हटलं तर तू टाळीच वाजवलीस. "आजी, हेच! खुंटीचा नंबर म्हणजे पत्ता, तो कुणालाही द्यायचा. बिल्ला म्हणजे किल्ली, ती कुणालाच नाही."

"आणि बिल्ला हरवला तर?" मी विचारलं. माझ्याकडे असली माणसं रोज यायची. कोटाचं अस्तर कुठे फाटलंय, खिशात काय राहिलंय ते सांगायची. मी चेहरा बघायची आणि कोट देऊन टाकायची.

तू म्हणालीस, "तिथे तू नाहीस, आजी. खिडकीत कुणीच नाही. ओळख दाखवायला नाही, पाया पडायलाही नाही."

खिडकीत माणूसच नसलेली क्लोकरूम! असल्या ठिकाणी कोट ठेवणाऱ्याची छाती मोठी, नाहीतर अक्कल छोटी. त्यावर तू म्हणालीस, म्हणूनच तर बारा शब्द. फोन हा नुसता बिल्ला. बारा शब्द म्हणजे बिल्ल्याचा साचा. फोन बुडो, जळो, चोरीला जावो, साचा असेल तर नव्या फोनमध्ये बिल्ला पुन्हा ओतता येतो. पण साचा परक्याच्या हाती गेला तर तोही ओतणार, आणि शीळ घालत तुझा कोट घेऊन जाणार.

"मग त्या वहीत खाडाखोड करून परत घ्यायचा!"

"नाही ना येत करता. वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाची मोहर असते. मधलं एक पान बदललंस की पुढच्या सगळ्या पानांच्या मोहरा चुकतात. आणि तू तुझ्या वहीतलं बदललंस तरी बाकी हजारो वह्यांत खरं तसंच राहतं. त्या तुझी वही मानतच नाहीत."

म्हटलं, म्हणजे आपल्या जिन्यातल्या बायका. कुणाच्या घरात काय झालं ते प्रत्येकीच्या डोक्यात. एकीने गोष्ट फिरवली की बाकीच्या म्हणणार, काहीतरीच काय, त्या दिवशी तर तू असं म्हणाली होतीस. तू हसून हसून टेबल हलवलंस. तसं ते आधीच डुगडुगत होतं. मग डोळे पुसून म्हणालीस, "त्या वहीत खोडायचं नसतं, आजी. चूक झाली तर पुढच्या पानावर नवी नोंद करायची." ते वाक्य मी जपून ठेवलंय.

शब्द बारा, तेही परक्या भाषेतले, आणि क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात. मी पहिल्या रांगेतल्या बारा खुंट्या डोळ्यांसमोर आणल्या आणि एकेका खुंटीवर एकेक शब्द टांगला, ज्याला जी वस्तू साजेल ती. तू कागद धरून तपासायचीस, मी म्हणून दाखवायची. अजूनही रोज म्हणते. सकाळी दात घासताना पहिल्यापासून आठवीपर्यंत, केस विंचरताना दहावीपासून बारावीपर्यंत. ओठ न हलवता.

तर नियम तुझाच. "कुणीही मागितले तरी द्यायचे नाहीत. मी पत्र लिहून मागितले तरी नाहीत. मी समोर बसून विचारीन तेव्हाच." औषधवाला भला माणूस आहे, पण भल्या माणसालाही तीन पोरं असतात. त्याला मोहात कशाला पाडू? (हे लिहिताना हसतोय. हसू दे.) शिवाय पत्र म्हणजे उघड्या तोंडाची पिशवी.

तेव्हा ये. माझ्या तोंडाशी कान लाव, मी सांगते.

तू येणार नाहीस, ठाऊक आहे. घरात बाप आहे. त्याने तुझ्या पेटीचं कुलूप उघडून शब्दांचा कागद लांबवला असं तू म्हणालीस. तो म्हणाला, मी हात लावलेला नाही. तू म्हणालीस, ते कुलूप तुमच्याशिवाय उघडणार कोण? त्याने तुझ्या पैशांना "हवेतला पैसा" म्हटलं होतं, आणि किल्ल्या करणारा गावात तोच. त्यानंतर तो गप्प झाला तो झालाच. तुझी आई असती तर एका दिवसात दोघांचेही कान उपटले असते.

त्या कागदाबद्दल मी आज काही बोलत नाही. औषधवाल्याची जेवायची वेळ झाली.

तुझी,
आजी
(खाली अंगठा माझाच आहे. जगात दुसऱ्या कुणाला तो उठवता येणार नाही. तुझ्या किल्लीची सही म्हणतात ती अशीच ना?)


शनिवार, पंधरा तारीख
तेच स्टूल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. या खेपेला तिकीट लावलंस. दोन लावलीस. एक मागच्या वेळचं असेल.

आधी तुला फैलावर घेते. कुठल्यातरी "मदत केंद्राला" अर्ज केलास ना? इंटरनेटवर दिसलं आणि भरलास? आणि त्यात लिहिलंस की शब्द आजीला पाठ आहेत? फोन मेला म्हणून नंबर दिलास तो बापाच्या दुकानाचा. तीन वर्षं त्या नंबरावर फोन केला नाहीस, पण पाठ मात्र आहे हो!

परवा दुपारी तुझा बाप जिन्याशी येऊन म्हणाला, "आई, फोन आहे. कुणी साहेब. तुझ्या नातीबद्दल बोलायचंय म्हणतो." तुझ्या नातीबद्दल. मी गुडघा सावरत खाली उतरले. तो कामाला लागला, म्हणजे कानस हातात घेतली. कान माझ्याकडेच होते.

फोनवरचा आवाज असा गोड, की मुंग्या लागाव्यात. "आजीबाई, नमस्कार. मी वॉलेटच्या मदत विभागातून बोलतोय. तुमच्या नातीचे पैसे आम्ही वाचवतो आहोत. फक्त ते बारा शब्द सांगा."

म्हटलं, "लिहून घ्यायला पेन आहे का?"

"आहे."

"चालतं का? आधी रेघ मारून बघ."

"चालतं, आजी."

समोर भिंतीवर तुझ्या बापाची हत्यारं टांगलेली. डावीकडून सुरुवात केली. "पहिला, कानस. दुसरा, हातोडी. तिसरा, पक्कड." पाचव्यापर्यंत बिचारा लिहीत होता. मग म्हणाला, "आजीबाई, असे शब्द नसतात. ते दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात. त्या यादीत कानस नाही."

"मग यादीत घाला की! कामाची वस्तू आहे."

मागून आवाज आला. तुझा बाप हसला होता. घशातल्या घशात, गंजलेलं कुलूप पहिल्यांदा फिरावं तसा, पण हसला. उठून त्याने माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणतो, माझं कुलूप अडकलंय, येऊन बघा. दुसरा म्हणतो, अमक्याची किल्ली तेवढी द्या. दुसऱ्याला मी बसायलाही सांगत नाही." आणि फोन ठेवला.

मग मला विचारलं, "तिचे पैसे अडकलेत?"

"हो."

"कधीपर्यंत?"

"महिनाअखेर. दुकान घेतेय ती. चष्म्याचं."

तो पुन्हा घासायला बसला. घासली ती चुकीची बाजू. अख्खी किल्ली फुकट गेली. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं.

तर अर्ज मागे घे, आणि पुढे कुणी "मदत" करायला आला की त्याला हाच दुकानाचा नंबर बिनधास्त दे. भिंतीवर अजून सात हत्यारं शिल्लक आहेत.

आता तुझ्या प्रश्नाचं. "आजी, सकाळी आठवीपर्यंत, मग दहावीपासून. नववीचं काय?" भिंगं घासून घासून नजर बरीच धारदार झालीय तुझी. वाटलं होतं, निसटेल.

नववी खुंटी रिकामी आहे.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला केव्हातरी झालं. एका सकाळी बघते तर खुंटी आहे, तिच्यावर काही नाही. नुसती हलतेय, आत्ताच कुणी कोट काढून नेल्यासारखी. आठ दिवस मी काय काय नाही केलं! रात्रीची भाजी सोडली, कुणीतरी म्हणालं म्हणून. सगळी रांग उलटी म्हणून पाहिली. आठवीवरचं आणि दहावीवरचं मधल्या रिकाम्या जागेकडे बघतात, आणि मधे कुणी नाही. तुला विसराळू म्हणून हिणवणारी मी! हस आता. पोटभर हस, तुझा हक्क आहे.

पण घाबरू नकोस. मी घाबरलेली नाही. त्या गोड साहेबाने यादीचं सांगितलं ना, तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागला. चोराकडूनही शिकावं माणसाने. मी औषधवाल्याला विचारलं, "समजा एखाद्या म्हातारीला अकरा शब्द क्रमाने पाठ आहेत, आणि रिकामी जागा कुठली तेही ठाऊक आहे. तर?" तो म्हणाला, "कोण म्हातारी, आजी?" म्हटलं, "आहे ओळखीची."

त्याने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की होतं. यादीतला एकेक शब्द रिकाम्या जागी बसवून बघायचा. बाराव्या शब्दात पडताळ्याची खूण दडलेली असते, त्यामुळे दोन हजारांतले बहुतेक आपोआप गळतात. राहतात शंभर-सव्वाशे. ते एकेक लावून बघायचे, जुडग्यातली किल्ली शोधतो तसे. मात्र हे आपल्याच कॉम्प्युटरवर करायचं. कुठल्या वेबसाइटवर जाऊन शब्द टाकायचे नाहीत, नाहीतर पुन्हा तोच गोड साहेब.

म्हणजे तू यावंस, मी कानात अकरा सांगावे, राहिलेला नववा यंत्राने शोधावा, आणि दुकान तुझं. मिटलं.

माझ्या बाजूनेही सगळं मिटतं. आणि दोन दिवस मी त्याच आनंदात होते. मग तो आनंद टिकेना.

एक गोष्ट आहे. ती औषधवाल्याच्या अक्षरात नको. त्याचं अक्षर चांगलं आहे, पण ती लिहायला दुसराच माणूस पाहिजे. त्याला कसं बसवायचं, त्याचा विचार करतेय.

आजी
(अंगठा जरा पुसट आलाय. शाई कमी नव्हती. दाबच कमी पडला.)


गुरुवार, वीस तारीख
घरीच, माझ्या खाटेवर, दुपारी दोन

चि. भिंगरीस,

अक्षर ओळखलंस ना? दचकू नकोस, आणि पत्र बाजूला ठेवू नकोस.

लिहिणारा तुझा बाप आहे. मी त्याला बजावलंय, मी बोलेन ते शब्दन् शब्द उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि मधे उठायचं नाही. त्याने विचारलं, "कुणाला लिहायचंय?" म्हटलं, "तुझ्या मुलीला." मग पेनाचं टोपण काढायला त्याला बराच वेळ लागला. गावाची कुलपं उघडणाऱ्याला!

बयो, तू ऐक, आणि तू लिही रे.

शब्दांचा तो कागद तुझ्या बापाने घेतला नाही. तुझ्या पेटीचं कुलूप कुणी उघडलंच नाही. शिकवणीच्या शेवटच्या संध्याकाळी तू मला शब्द शिकवायला कागद बाहेर काढलास, माझ्या टेबलावर ठेवलास आणि परत पेटीत ठेवायला विसरलीस. पेटीला कुलूप मात्र आठवणीने लावलंस. सकाळी टेबल पुसताना मला चार घड्यांचा जाडसर कागद सापडला. टेबल डुगडुगत होतं. एका पायाची रबरी टोपी सैल झाली होती. मी कागदाच्या आणखी दोन घड्या केल्या, टोपीच्या आत कोंबल्या आणि टोपी वर चढवली. टेबल खडकासारखं उभं राहिलं. मी स्वतःवर खूश झाले.

आदल्या संध्याकाळी तुझ्या हातात तोच होता, हे मला कळायला हवं होतं. पण बयो, मला कागद म्हणजे कागद. तुम्हाला त्याच्यावर शब्द दिसतात, मला जाडी दिसते.

लिहिणारा थांबलाय. म्हटलं, लिही.

त्याच सकाळी दुकानातलं जुनं बाक मोडलं, म्हणून तुझा बाप माझं टेबल खाली घेऊन गेला आणि किल्ल्या कापायचं मशीन त्याच्यावर बोल्टांनी बसवलं. दुसऱ्या दिवशी तू पेटी उघडलीस. मग जे झालं ते झालं. तू ओरडत होतीस, "पांढरा, जाड, घडी घातलेला!" तेव्हा मला टेबलाचा पाय आठवला. मी दारात उभी होते. तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं.

नाही उघडलं. का, ते सांगते. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून एक छत्री बदललेली नाही. कुणाला कधी कळू दिलं नाही की ही बाई निरक्षर आहे म्हणून काही चुकतं. आणि घरात, नातीचा सगळ्यात मोलाचा कागद मी टेबलाच्या पायात घातला, हे कोणत्या तोंडाने सांगू? वाटलं, दोघं तापलीत, चार दिवसांत निवतील. वाटलं, तिच्याकडे फोन आहे, माझ्याकडे शब्द आहेत, कागदावाचून कुणाचं अडलंय? तू पाचव्या दिवशी गेलीस.

ज्या कागदाच्या चोरीचा आळ त्याच्यावर होता, त्याच कागदावर तीन वर्षं त्याचं मशीन स्थिर उभं आहे. रोज खालून कानशीचा आवाज यायचा आणि मी वर बसून ऐकायची.

औषधवाल्याने यादीची युक्ती सांगितली तेव्हा मी सुटलेच होते. अकरा शब्द सांगायचे, नववा यंत्र शोधणार, कागदाचं नाव निघायचं नाही. पण मग तुझी दुकानाची जागा वाचली असती आणि बापावरचा आळ तसाच राहिला असता. तूच म्हणालीस ना, त्या वहीत खोडता येत नाही, पुढच्या पानावर नवी नोंद करायची. माझ्या खोट्या पानावर तीन वर्षांची पानं चढली. ती मला फाडता येत नाहीत. ही घे नवी नोंद. चूक माझी. चोरी कुणाचीच नाही. आणि ही नोंद ज्याच्यावर आळ होता त्याच्याच हाताने लिहून घेतेय, म्हणजे दोन्ही वह्यांत एकदमच होईल.

इथपर्यंत लिहून तो पेन ठेवून उठला. उठायचं नाही असं सांगितलं होतं.

साडेचार वाजलेत. पुन्हा लिहायला बसलोय दोघं.

तो खाली गेला होता. मी वर बसून ऐकत होते. पाना पडल्याचा आवाज, मग बोल्ट. एक, दोन, तीन, चार. मग जड मशीन जमिनीवर ठेवल्याचा धप्पकन आवाज. मग टेबल आडवं केल्याचा आवाज. वर आला आणि रबराची टोपी माझ्या तळहातावर ठेवली. आत घडी तशीच. वरच्या पदराला तेल लागलंय, आतून कोरडी दिसते.

म्हणाला, "तीन वर्षं, आई?"

म्हटलं, "तीन वर्षं."

त्याने मला पेलाभर पाणी आणून दिलं. त्याऐवजी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. आता हे तो लिहितोय आणि मान वर करत नाही.

मी म्हटलं, "उघड की. तुला वाचता येतं. नववा कोणता ते तरी सांग मला, जीव टांगणीला लागलाय."

म्हणाला, "माझं नाही ते."

मग त्याने माळ्यावरून तुझी जुनी पत्र्याची पेटी काढली. कागद टोपीसकट तिच्यात ठेवला आणि नवीन कुलूप लावलं. स्वतः केलेलं आहे, कधी केलं ते मला ठाऊक नाही, विचारलं तर सांगत नाही. त्याची किल्ली एकच. लक्ष देऊन वाच, एकच. आयुष्यभर ज्याने प्रत्येक किल्लीची जोड करून खिळ्याला टांगली, त्याने हिची केली नाही. मी विचारलं, "आणि पोस्टात हरवली तर?" म्हणाला, "मग मी उघडीन. ती समोर असताना."

किल्ली या पत्राच्या तळाशी दोऱ्याने शिवली आहे. शिवण माझी. पेटी माझ्या उशाशी, किल्ली तुझ्या मुठीत, अकरा शब्द माझ्या डोक्यात. तिन्ही एका खोलीत आल्याशिवाय काही उघडत नाही. तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्यांना सांग, आमच्याकडेही असलं जमतं. आणि समजा, तेलाने नववा शब्द खाल्ला असला, तरी यादी आहेच. पैसे कुठे जात नाहीत. ते त्या वहीत खुंटीवर गुपचूप बसलेत तुझी वाट बघत. आम्हीही.

लिहिणाऱ्याला विचारलं, तुला काही सांगायचंय का. म्हणतो, नाही. मग थोड्या वेळाने म्हणतो, तिला विचार, दुकानाला शटर आहे की दार. शटर असेल तर बाजारातलं कुलूप घेऊ नकोस म्हणावं, दोन्ही बाजूंना लागतील अशी मी करून देईन, माप मात्र नीट घेऊन ये. माप तू विसरशील, हे मी सांगितलं. तर म्हणाला, "नाही विसरणार. मापाला ती पहिल्यापासून पक्की आहे."

हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय बघ. मी फक्त बोलले.

माफी मागत नाही. तुझ्याकडे पत्राने मागायची नाही, समोर बसून मागीन. नियम तुझाच. त्याच्याकडे आजपासून रोज थोडी थोडी मागणार आहे.

तुझी,
सगळं लक्षात असलेली, एक शब्द सोडून,
आजी
(या वेळी खाली दोन खुणा आहेत. अंगठा माझा. सही कुणाची ते तू जाण.)

ता.क. पुढे काय ते मी विसरलेले नाही. अक्रोड हवेत. तू येताना आणायला विसरशील, म्हणून आजच पोस्टात टाक, तिकीट लावून. सोललेला गर नको. तू लहान असताना तुझा बाप दुकानातल्या लोखंडी पकडीत धरून एकेक तुला फोडून द्यायचा, ती पकड त्याने आत्ताच पुसून ठेवलीय. तेव्हा अख्खे पाठव, कवचासकट, दोन किलो.